शाळा एक, सैन्ये दोन

युद्धकथांत नायकाची शाळा एका वाक्यात उरकली जाते. या अंकात आम्ही तिथेच रेंगाळायचं ठरवलं, आणि सुरुवात देहरादूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजपासून केली. १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्सने उद्घाटन केलेली ही निवासी शाळा. नावात कॉलेज असलं तरी इथे येणारी पोरं अकरा-बारा वर्षांची, घराची आठवण काढणारी. सँडहर्स्टच्या स्पर्धेला हिंदी मुलं तयार करणं हा तेव्हाचा हेतू होता. साम्राज्याला भरवशाचे अधिकारी हवे होते, एवढंच.

फाळणीने या माजी विद्यार्थ्यांचीही वाटणी केली. नोव्हेंबर १९४७ मध्ये बडगामला मेजर सोमनाथ शर्मा हाताला प्लास्टर असताना लढले आणि धारातीर्थी पडले. पहिलं परमवीरचक्र त्यांचं. १९६५ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख नूर खान होते, तेही इथलेच. १९७१ मध्ये तर पुण्याच्या दक्षिण कमांडची सूत्रं गोपाळ गुरुनाथ बेवूर यांच्याकडे आणि रावळपिंडीत चीफ ऑफ जनरल स्टाफ गुल हसन. दोघांची शाळा हीच! शत्रू शिकवणीत तयार होत नाही, तो नंतर नेमून दिला जातो, असं आम्हाला वाटतं. सगळ्या लेखकांना ते मान्य नाही.

आज तिथल्या एका सेक्शनचं नाव शिवाजी आहे आणि २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. त्यावरचा लेख मधल्या पानांत आहे.