स्टार्टअपवाल्यांचं राहू द्या, एकदा राजदूताचं करिअर बघा



बॅचमध्ये रोल मॉडेल कोण असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. टाटा, अंबानी, नाहीतर एखादा स्टार्टअपवाला. माझं मत जरा वेगळं आहे. छोट्या दुकानदाराने परदेशात काम करणाऱ्या राजदूताचं करिअर अभ्यासावं. गाव परकं, ओळख कुणाची नाही, आणि विश्वास शून्यापासून कमवायचा. तीनेक वर्षांत बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. नवीन एरियात दुकान टाकणाऱ्याचं तरी वेगळं काय असतं?

आपल्या मातीतलंच उदाहरण घ्या. ज्ञानेश्वर मुळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे. 1983 मध्ये ते भारतीय विदेश सेवेत आले. मालदीवमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले 2009 मध्ये. (कॉमनवेल्थ देश एकमेकांच्या राजदूताला उच्चायुक्त म्हणतात.) म्हणजे मध्ये 26 वर्षं गेली! आणि आपल्याला सहाव्या महिन्यात दुसरी ब्रांच हवी असते.

आता यातून काय घ्यायचं ते सांगतो.

पहिलं, भाषा. विदेश सेवेतल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला एक परदेशी भाषा शिकावीच लागते. मुळे यांची पहिली नेमणूक टोकियोत होती, ते जपानी शिकले. आपण मात्र इंग्रजी येत नाही म्हणून रडत बसतो. अहो, तुमचा कस्टमर कानडी बोलत असेल तर चार वाक्यं कानडी शिका. तो खूश होतो आणि परत येतो.

दुसरं, व्यवहार मोडला तरी दार बंद करायचं नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये मालदीव सरकारने माले विमानतळाचं जीएमआर या भारतीय कंपनीचं कंत्राट रद्द केलं. फेब्रुवारी 2013 मध्ये तिथले माजी राष्ट्राध्यक्ष नशीद अटक टाळण्यासाठी भारतीय उच्चायुक्तालयात येऊन राहिले, तेही दहा दिवस. बाहेर वातावरण तापलेलं. तरी तिथल्या सरकारशी बोलणं चालूच ठेवावं लागतं, कारण शेजारी बदलता येत नाही.

तुम्ही म्हणाल, राजदूताचा पगार सरकार देतं, आपली उधारी बुडाली तर खिशातून जाते. बरोबर आहे. वसुली कराच, नोटीस पाठवायची वेळ आली तर पाठवा. पण व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या माणसाची इज्जत काढू नका. मार्केट छोटं असतं. उद्या त्याच्याच मेहुण्याकडून माल घ्यायची वेळ येते.

तिसरं, सेवा लोकांच्या दारात न्या. मुळे पुढे दिल्लीत सचिव झाले आणि पासपोर्टचं काम त्यांच्या विभागाकडे होतं. तेव्हा मुख्य पोस्ट ऑफिसातच पासपोर्ट केंद्र सुरू करायची योजना आली. जानेवारी 2017 मध्ये म्हैसूर आणि दाहोदपासून सुरुवात झाली, आज अशी 400 हून जास्त केंद्रं आहेत. नवी बिल्डिंग बांधत बसले नाहीत, पोस्टाची तयार जागा वापरली. तुमचा मसाला गावातल्या पिठाच्या गिरणीत ठेवता येतो का, बघा. भाडं वाचेल आणि गिऱ्हाईक तिथं रोजचंच आहे.

आता एक कामाची गोष्ट. परदेशातल्या बहुतेक भारतीय दूतावासांत व्यापार विभाग असतो. तिथल्या खरेदीदारांची माहिती देणं हे त्यांच्या कामातच येतं. निर्यात करायची असेल तर आधी आयईसी नंबर काढा, मग त्या देशातल्या आपल्या दूतावासाच्या वेबसाइटवरून व्यापार विभागाचा ईमेल घ्या आणि सरळ लिहा. कन्सल्टंटला पैसे मोजायच्या आधी हे करून बघा. ती माणसं तुमच्यासाठीच तिथं बसवलेली आहेत.

आणि शेवटचं. ब्रँड ॲम्बेसेडर म्हणजे बॅनरवरचा फोटो नाही. तुम्ही जेवायला घरी जाता तेव्हा काउंटरवर जो पोरगा बसतो, तो तुमचा राजदूत. तो जे बोलेल ते तुम्ही बोललात असंच गिऱ्हाईक धरतं. त्याला तुम्ही शेवटचं कधी शिकवलंत? या आठवड्यात अर्धा तास काढा, आणि काय फरक पडला ते मला कळवा.