सत्तावन्न किलो

खाशाबा जाधवांवर मराठीत जेवढं लिहिलं गेलंय त्यातलं नव्वद टक्के एकाच सुरात आहे. घर गहाण टाकून पैसे देणारे प्राचार्य खर्डेकर, हेलसिंकी, बैलगाड्यांची मिरवणूक, मग उपेक्षा, न मिळालेली पद्मश्री. आपण हळहळतो, चुकचुकतो, फॉरवर्ड करतो. संपलं!

हळहळ खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. उपेक्षा झालीच. १९५२ ला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणाऱ्या माणसाला अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ च्या अपघाती मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. पण या सगळ्यात त्यांची कुस्ती कुठे गेली? आणि त्या कुस्तीतून महाराष्ट्राने नेमकं काय शिकायला हवं होतं?

तर जरा आकड्यांत शिरू. (सवय आहे, इलाज नाही.)

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. लाल मातीत वाढलेला गडी. १९४८ ला लंडनला ते फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोत उतरले. मॅटची नीटशी सवय नसताना सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेट, म्हणजे ५७ किलो. तिथे कांस्य. सुवर्ण जपानच्या शोहाची इशीला, रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव्हला.

५७ किलो! आमच्या टीममधल्या निम्म्या पोरांचं वजन याच्याहून जास्त आहे, आणि ते काही तालमीतून आलेलं नाही.

आता पुढची यादी बघा. भारताला कुस्तीत आजवर आठ ऑलिंपिक पदकं मिळाली. खाशाबांनंतर तब्बल छप्पन्न वर्षांनी, २००८ ला सुशील कुमार, ६६ किलो. २०१२ ला पुन्हा सुशील ६६ आणि योगेश्वर दत्त ६०. २०१६ ला साक्षी मलिक ५८. टोकियोत रवी दहिया ५७ आणि बजरंग पुनिया ६५. २०२४ ला पॅरिसमध्ये अमन सेहरावत, पुन्हा ५७. सुशील दिल्लीचा, बाकी सगळे हरयाणाचे, हे आपल्याला माहीत असतं. पण दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. आठही पदकं ६६ किलोच्या आतली आहेत. त्यातली तीन तर थेट खाशाबांच्या ५७ किलोतली. मोठ्या वजनात दीपक पुनिया टोकियोला ८६ किलोत पदकाच्या दारापर्यंत गेला आणि पाचवा आला.

आणि आपण महाराष्ट्रात डोक्यावर कुणाला घेतो? महाराष्ट्र केसरीला! १९६१ पासूनची ही गदा आपल्याकडचा कुस्तीतला सर्वोच्च मान. आणि केसरी गट सुरू होतो ८६ किलोच्या पुढे. त्याच अधिवेशनात ५७, ६१, ६५ किलोच्याही कुस्त्या होतात, पण त्यातल्या एका तरी विजेत्याचं नाव आठवतंय? गदा, फेटा, टीव्ही, नेत्यांसोबतचे फोटो आणि हल्ली तर चकचकीत थार गाडीसुद्धा, सगळं एकाच गटाच्या वाट्याला. म्हणजे खाशाबा आज विशीत असते तर त्यांना या गटात उतरताच आलं नसतं.

ऑफिसात काम करणाऱ्या कुणालाही हे गणित समजावून सांगायला नको. अप्रेझलमध्ये जे मोजलं जातं तेच काम लोक करतात. बक्षीस वजनदार पैलवानाला असेल तर गावातला हुशार, चपळ, सडपातळ पोरगा काय करणार? खुराक वाढवून वजन वाढवणार, नाहीतर विशीत कुस्ती सोडून भरतीच्या मागे लागणार. पोटाचा प्रश्न आहे बाबा.

यावर ठरलेलं उत्तर येतं की खरा फरक मातीचा आणि मॅटचा आहे. थोडा आहेच. मातीत पाठ लागेपर्यंत झुंज आणि चितपट हीच शान. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, एकेका पकडीला गुण, आणि दहा गुणांची आघाडी घेतली की कुस्ती खल्लास. पण मातीतली पोरं मॅटवर जमवून घेऊ शकतात, हे ढाक मारणाऱ्या खाशाबांनीच दाखवलं की. दुसरं उत्तर हरयाणाच्या पैशाचं. तेही खरं. ऑलिंपिक कांस्याला अडीच कोटी देणारं सरकार, नोकऱ्या, गावोगावचे आखाडे. पण नीट पाहिलं तर हा माझाच मुद्दा झाला. त्यांनी ऑलिंपिकच्या पदकाला बक्षीस लावलं, आपण गदेला.

आपल्याकडे तसे पैलवान नाहीत असंही नाही. बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य घेऊन आला. ६१ हा ऑलिंपिकमधला गट नाही, हे त्याचं दुर्दैव. पण किती घरांत त्याचं नाव माहीत आहे? खाशाबांनंतर महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली, आणि ते आलं नेमबाजीत, स्वप्नील कुसाळेकडून. कोल्हापूर जिल्ह्याचाच पोरगा. पण कुस्तीची पाटी १९५२ पासून कोरीच.

केसरी बंद करा असं मी म्हणत नाहीये. ती परंपरा आहे, ती राहावी. मला फक्त तिच्या शेजारी आणखी एक गदा हवी आहे. ५७ किलोची, खाशाबांच्या नावाची. तेवढीच वजनदार, तेवढ्याच रकमेची, आणि तिची कुस्ती शेवटच्या संध्याकाळी, गर्दी खच्चून भरलेली असताना. दुपारी रिकाम्या खुर्च्यांसमोर उरकलेली नको.

१५ जानेवारीला, खाशाबांच्या जयंतीला, आपण राज्य क्रीडा दिन पाळतो. हार घालतो, भाषणं करतो. पद्म द्यायचं की नाही ते दिल्ली ठरवेल. गदा कुणाला द्यायची ते मात्र आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कुणाला घर गहाण टाकायची गरज नाही.