बुलढाणा जिल्ह्यातील जलाशयांवर परतीच्या पावसाच्या काळात होड्यांसाठी ‘बावटा’ लागू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, बुलढाणा

विषय : जलाशयांतील मासेमारी व भाड्याच्या होड्यांना वादळी हवेची स्थानिक सूचना मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

कोकणातील बंदरांवर वादळाचा संभव दिसला की ‘बावटा’ लावला जातो, म्हणजे हवा किती बिघडणार आहे याची क्रमांकाने ठरलेली खूण उंचावर चढवली जाते आणि ती पाहून होड्या किनाऱ्याला थांबतात. समुद्रातील यांत्रिक नौकांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंद असते, तर उरलेल्या वर्षात हवामान विभाग मच्छीमारांसाठी वेगळे इशारे देतो. बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही; परंतु देऊळगाव राजा तालुक्यातील खडकपूर्णा प्रकल्पाचा संत चोखासागर, पैनगंगेवरील पेनटाकळी, नळगंगा हे मोठे आणि मस, मन, तोरणा, उतावळी, कोराडी, ज्ञानगंगा, पलढग हे मध्यम प्रकल्प यांच्या पाण्यावर भोई व इतर मच्छीमार कुटुंबे रोहू, कटला, मृगळ, मरळ यांवर पोट भरतात. या पाण्यावर मात्र बावटा नाही, आणि प्रस्तुत निवेदनाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

भाद्रपद-आश्विनातील, म्हणजे उत्तरा, हस्त आणि चित्रा या नक्षत्रांमधील हवा आषाढातल्या झडीपेक्षा अधिक फसवी असते, कारण झड दिवसभर दिसत राहते, तर परतीच्या काळात सकाळी स्वच्छ ऊन पडते, जमीन तापते, दमट हवा वेगाने वर चढते आणि दुपारनंतर उंच गर्जमेघ तयार होतात. अशा ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, आणि हा वारा बहुधा पावसाच्या आधी येतो; म्हणजे पावसाचा पहिला थेंब पडल्यावर जाळे आवरू पाहणाऱ्याला आधीच उशीर झालेला असतो. वारा मोकळ्या पाण्यावरून जितका लांब धावेल तितकी लाट वाढते. जलाशयातील लाट समुद्रातल्या लाटेइतकी उंच नसली तरी ती आखूड, उभी आणि लागोपाठ येणारी असते, त्यामुळे कमी काठाची होडी एका लाटेतून सावरण्याआधीच दुसरी लाट आत पाणी भरते. जो डोंग्यात नव्हे तर थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळे काढतो, त्याच्याजवळ तर काठही नसतो. शिवाय उघड्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू बहुधा माणूसच असल्याने विजेचा धोकाही तिथे अधिक असतो.

हा धोका कल्पनेतला नाही. 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगाव-कळाशी मार्गावरील होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटून 6 जणांचा मृत्यू झाला. त्याआधी 14 सप्टेंबर 2021 रोजी याच अमरावती विभागात, वरूड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून 11 जण दगावले. पहिली घटना वळवाच्या हवेतली आणि दुसरी ऐन भाद्रपदातली, आणि दोन्हींत गोड्या पाण्यावरच्या साध्या नावेत माणसे बसली होती. गळ टाकणाऱ्या हौशींना किंवा सहलीला आलेल्यांना भाडे घेऊन पाण्यावर नेताना तर हवा न ओळखणारी माणसे नावाड्याच्या भरवशावर असतात, म्हणून तिथे नियम अधिक कडक हवा.

सध्याचा पिवळा किंवा नारिंगी इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो. सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद आणि पठारावरचे लोणार यांना एकच रंग मिळाल्याने त्या दिवशी पेनटाकळीत होडी घालावी की नाही, हे त्यातून कळत नाही. मात्र हवामान विभागाचा तात्कालिक अंदाज, म्हणजे पुढील सुमारे 3 तासांचा इशारा, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने विकसित केलेले विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ अॅप ही साधने हाताशी आहेत. ती सूचना पाण्यावरच्या माणसापर्यंत पोहोचवणारी शेवटची कडी तेवढी जोडायची आहे. त्यासाठी प्रत्येक जलाशयाच्या मुख्य काठावर लाल बावटा व भोंगा असावा, बावटा चढवण्याची व भोंगा वाजवण्याची जबाबदारी नेमून दिलेल्या कर्मचाऱ्यावर असावी, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे उलटेपर्यंत कोणतीही होडी पाण्यात जाऊ नये. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 34 नुसार धोक्याच्या क्षेत्रातील ये-जा नियंत्रित करण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाला आहेच.

याच संदर्भात धरणाच्या दरवाजांचा प्रश्न येतो. विसर्गापूर्वीचा भोंगा खालच्या गावांसाठी वाजतो. परंतु दरवाजे उघडल्यावर वरच्या बाजूचे पाणीही ओढ घेते, आणि भिंतीजवळ जाळे लावून बसलेल्याला त्याची कल्पना नसते. विसर्गाची सूचना मच्छीमार संस्थांनाही आधी मिळावी आणि सांडव्यासमोर तरंगत्या पिंपांची सीमारेषा असावी.

तराफे व ट्यूब केवळ बंद केल्यास गरिबाचा घास तेवढा जाईल. म्हणून बंदीआधी अनुदानातून होड्या व जीवरक्षक जाकिटे मिळावीत. अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 मध्ये यंत्राविना चालणाऱ्या नावांचाही विचार केलेला असल्याने प्रत्येक होडीची नोंद व्हावी आणि भाड्याच्या होडीवर प्रवासी-मर्यादा ठळक रंगवलेली असावी. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतील गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी 5 लाख रुपयांची तरतूद आहे. ती संस्थेच्या सभासदाबरोबर जाळे ओढणाऱ्या मदतनिसापर्यंतही पोहोचावी.

नैऋत्य मोसमी पावसाचा परतीचा प्रवास सर्वसाधारणपणे 17 सप्टेंबरला वायव्य राजस्थानातून सुरू होतो. उत्तरा नक्षत्राच्या सरी त्याआधीच जलाशयांवर येतात. तेव्हा मत्स्यव्यवसाय व जलसंपदा विभागांची संयुक्त बैठक पोळ्यापूर्वी बोलावावी आणि संत चोखासागर व पेनटाकळी येथे पहिला बावटा याच हंगामात चढावा, ही आग्रहाची विनंती.

निवेदनकर्ते
बुलढाणा जिल्ह्यातील जलाशयांवरील मच्छीमार व होडीचालक

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मत्स्यव्यवसाय विभाग आणि जलसंपदा विभाग, बुलढाणा