शिक्षा झाली, पण आरोपपत्र कुठे आहे?

विकत घेतलेल्या आणि बनावट दुव्यांबद्दल गूगल या शोधयंत्राने संकेतस्थळांना शिक्षा करावी, याबद्दल प्रस्तुत पत्रकाची तक्रार नाही. परंतु ज्या निर्णयामुळे एखाद्या छोट्या व्यावसायिकाकडे येणारे गिऱ्हाईक एका दिवसात आटते, त्या निर्णयाची कारणे, पुरावा आणि सुटकेची मुदत त्याला सांगितलीच पाहिजे, असा या पत्रकाचा ठाम आग्रह आहे.

दुव्यांना एवढे मोल का आले, हे आधी समजून घ्यावे लागते. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, म्हणजे रोजच्या बोलण्यातली ‘लिंक’, हे त्या दुसऱ्या पानाच्या बाजूने पडलेले मत मानावे आणि मत देणाऱ्याच्या वजनानुसार त्याची किंमत ठरवावी, ही कल्पना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना मांडली आणि 1998 साली स्थापन झालेली गूगल कंपनी तिच्यावरच उभी राहिली. मताला किंमत आली तसा मतांचा बाजारही भरला. ‘पहिल्या पानाची हमी’ देणाऱ्या एजन्सी ठरावीक पैशांत शेकडो दुवे पुरवू लागल्या, आणि संकेतस्थळाच्या मालकाला बहुधा त्यांतील एकही दुवा कधी पाहायला मिळाला नाही. ही लबाडी होती, हे नि:संकोच मान्य केले पाहिजे, कारण प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे पान तिच्यामुळेच मागे पडले.

या लबाडीला मिळणारी शिक्षा दोन प्रकारची असते आणि दोन्हींची गल्लत झाल्यामुळे अनेकांचे पैसे वाया जातात. पहिल्या प्रकारात कंपनीचा कर्मचारी स्वतः तपासणी करून कारवाई करतो, तिची सूचना ‘सर्च कन्सोल’ या मालकांसाठीच्या मोफत सेवेत येते आणि साफसफाईनंतर फेरविचाराचा अर्ज करता येतो. दुसऱ्या प्रकारात संगणकीय गणितच संकेतस्थळाला खाली ढकलते. त्याची सूचना येत नाही आणि त्यावर अर्जही चालत नाही. 24 एप्रिल 2012 रोजी लागू झालेले ‘पेंग्विन’ हे या दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण होय.

साफसफाई म्हणजे प्रत्यक्षात काय करावे लागते, हे जवळून पाहिल्याशिवाय या शिक्षेचे ओझे कळत नाही. मालकाला सर्च कन्सोलमधून दुव्यांची यादी उतरवून घ्यावी लागते, परंतु ती यादी पूर्ण असल्याची खात्री कंपनी देत नाही. मग एकेक पान उघडून दुवा कोणत्या शब्दांवर बसवला आहे हे पाहावे लागते, कारण परस्परांशी संबंध नसलेल्या शंभर पानांवर ‘स्वस्त हॉटेल’ हेच दोन शब्द जसेच्या तसे आढळले, तर ते विकतचे काम असल्याचे उघड होते. त्यानंतर त्या पानांच्या चालकांना दुवा काढण्याची विनंती करणारी पत्रे पाठवावी लागतात आणि कोणाला कधी लिहिले, काय उत्तर आले, याची नोंद ठेवावी लागते. काही चालक तर दुवा काढण्याचेही पैसे मागतात. जे दुवे निघत नाहीत, ते ऑक्टोबर 2012 मध्ये आलेल्या ‘डिसअव्हाउ’ या साधनातून नाकारता येतात: एका साध्या मजकूर-फाइलमध्ये दर ओळीला एक पत्ता, किंवा संपूर्ण संकेतस्थळच नाकारायचे असल्यास त्याच्या नावाआधी ‘domain’ हा इंग्रजी शब्द आणि अपूर्णविराम (:). घाबरून चांगले दुवेही या फाइलमध्ये टाकणारा मालक स्वतःच्या हाताने आपले नुकसान करतो, आणि कारवाईची सूचना आलेली नसताना ‘पेनल्टी काढून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे मोजणाराही तसाच फसतो. ज्याने काल दुवे विकले, तोच आज ते काढण्याचे पॅकेज विकत असतो.

आता शिक्षा भोगणाऱ्यांमधला फरक पाहावा. अमेरिकेतील जे. सी. पेनी या बड्या दुकानसाखळीसाठी असंबद्ध पानांवर पेरलेले दुवे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने फेब्रुवारी 2011 मध्ये उघडकीस आणले, गूगलने कारवाई केली, कंपनीने आपल्या एजन्सीला दूर केले आणि सुमारे 90 दिवसांत तिचे स्थान परत आले. गाण्यांच्या शब्दांचे संकेतस्थळ असलेल्या ‘रॅप जीनियस’वर 2013 च्या नाताळात कारवाई झाली, त्याच्या संस्थापकांनी स्वतः प्रोग्रॅम लिहून पावणेदोन लाखांहून अधिक पाने तपासली आणि 4 जानेवारी 2014 रोजी ते पुन्हा निकालांत दिसू लागले. त्यांचे कष्ट खरे होते, पण असे प्रोग्रॅम लिहिणारी माणसे कोकणातल्या घरगुती खानावळीकडे किंवा सोलापुरातल्या चादरविक्रेत्याकडे नसतात. आणि पेंग्विनच्या फेऱ्यात सापडलेल्यांनी सगळे दुवे काढून टाकले, तरी ते गणित पुन्हा चालवले जाईपर्यंत त्यांची सुटका होत नव्हती. 2014 च्या अखेरीपासून सप्टेंबर 2016 पर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षे, ते नव्याने चालवलेच गेले नाही. चूक सुधारल्यानंतरही चालू राहिलेल्या या शिक्षेचे समर्थन कोणत्याही न्यायाने होऊ शकत नाही. सप्टेंबर 2016 नंतर पेंग्विन अखंड चालू लागले आणि वाईट दुव्यांसाठी संकेतस्थळाला खाली ढकलण्याऐवजी ते दुवेच निष्प्रभ करण्याकडे त्याचा रोख वळला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, मात्र कर्मचाऱ्यांकडून होणारी कारवाई आजही चालू आहे.

शोधयंत्र हे खासगी मालकीचे आहे, तेव्हा कोणाला कुठे ठेवायचे हे ठरवण्याचा हक्क त्याच्या मालकाचाच आहे, असा युक्तिवाद केला जातो. ज्या बाजारात दुसरा तुल्यबळ पर्याय उरलेला नाही, तिथे तो टिकत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी 2018 मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गूगलला सुमारे 136 कोटी रुपयांचा दंड ठोठावताना कंपनीचे या बाजारातील वर्चस्व नोंदवले होते. तो वाद निकालांच्या मांडणीचा होता, दुव्यांवरील शिक्षेचा नव्हता. परंतु वर्चस्वाचा गैरवापर तपासण्याचा आयोगाचा अधिकार इथेही लागू पडतो. म्हणून प्रत्येक कारवाईबरोबर नमुन्यादाखल दोन-चार नव्हे, तर दोषी धरलेल्या सर्व दुव्यांची यादी मिळावी, गणिताने झालेल्या घसरणीचीही लेखी सूचना मिळावी, फेरविचाराच्या अर्जावर 30 दिवसांत कारणांसह उत्तर मिळावे आणि हा सारा पत्रव्यवहार मराठीतून करण्याची सोय असावी, अशी मागणी संकेतस्थळांच्या मालकांनी आपापल्या व्यापारी संघटनांमार्फत कंपनीकडे आणि आयोगाकडे लेखी नोंदवावी.