फेब्रुवारीतले तीनशे रुपये

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. रात्री उशिरा ऑफिसातून निघत होतो, तर गेटवरच्या सिक्युरिटीच्या काकांनी हाक मारली. "सर, जरा हे बघता का?" हातात पगाराची स्लिप. दर महिन्याला 'पीटी' म्हणून २०० रुपये कापतात, या वेळी ३०० गेले. काँट्रॅक्टरनं मधल्या मधे शंभर खाल्ले की काय, असा त्यांचा संशय.

म्हटलं, नाही हो काका, फेब्रुवारीत सगळ्यांचेच ३०० कापतात. माझेही.

"तुमचे पण तेवढेच?"

तेवढेच. आमच्या एमडींचेही तेवढेच. काकांचा पगार १६ हजार. एमडींचा किती ते मला माहीत नाही, पण त्यांच्या ड्रायव्हरचा काकांपेक्षा नक्कीच जास्त असेल. तरी वर्षाला २,५०० रुपये तिघांनाही सारखेच! महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिन्याला १० हजारांच्या वर गेला की व्यवसाय कराचा सगळ्यात वरचा टप्पा लागतो (बायकांना आता २५ हजारांपर्यंत माफ आहे). आणि त्याहून वर जाताच येत नाही, कारण राज्यघटनेच्या २७६व्या कलमानं वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे. ती १९८८ साली ठरली. तेव्हा २,५०० म्हणजे मोठी रक्कम होती. नंतर महागाईनं हळूहळू गेटवरच्या माणसालाही 'श्रीमंतां'च्या टप्प्यात आणून बसवलं.

गंमत पुढेच आहे. हा कर १९७५ साली आपल्या राज्यात आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागेंची ही कल्पना राज्यभर राबवली गेली: मागेल त्याला काम. पैसा कुठून आणायचा? तर शहरातल्या नोकरदारांकडून, डॉक्टर-वकिलांकडून, व्यापाऱ्यांकडून. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या पदरची घालायची. म्हणजे मुंबई-पुण्यानं मराठवाड्याच्या मजुरीचे पैसे द्यायचे, असा सरळ हिशोब.

काका धाराशिवकडचे. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "माय जायची ना आमची हमीच्या कामावर. खडी फोडायला."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

आता मूळ मुद्दा. श्रीमंतांनी जास्त कर द्यावा का? आमच्या चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की दोन मिनिटांत ठरलेली वाक्यं येतात. "आपणच भरतो, बाकी कोण भरतं?" (काका मोबाईलचं रिचार्ज मारतात त्यावर १८ टक्के जीएसटी असतो, पण तो कर आपल्याला दिसत नाही.) "आधी रस्ते नीट करा." आणि एखादा सीनिअर हमखास इंदिरा गांधींच्या काळातले ९७.७५ टक्के काढतो. ते खरंच आहे, १९७३-७४ मध्ये सगळ्यात वरचा दर तेवढा होता. त्यातून काळा पैसा सोडून फारसं काही निघालं नाही, हेही खरं. तो दर परत यावा असं कुणीही शहाणा म्हणणार नाही.

पण मंडळी, आपल्याकडे 'श्रीमंतांवर कर' म्हटलं की हात जातो तो पगारावर. कारण तो कापायला सोपा. पगार हातात यायच्या आधीच टीडीएस होतो, पळणार कुठे? २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या पद्धतीत २४ लाखांच्या वर ३० टक्के, सेस धरून ३१.२. पगार दोन कोटींच्या वर गेला तर अधिभारासकट वरच्या रुपयाला ३९ पैसे. आता दुसरा माणूस घ्या. त्यानं स्वतःच्या लिस्टेड कंपनीचे वर्षाहून जास्त काळ ठेवलेले शेअर विकले, १०० कोटी नफा झाला. त्याला १२.५ टक्के, अधिभाराला १५ टक्क्यांची मर्यादा, वर सेस... बेरीज १४.९५! आणि तिसरा माणूस, ज्याला ते शेअर वडिलांकडून वारशानं मिळाले, त्याला मिळताना शून्य. कमावणारा ३९, विकणारा १५, जन्मणारा शून्य. कोडमध्ये असं दिसलं असतं तर आपण त्याला बग म्हटलं असतं.

"हे सगळं करून झालंय, चाललं नाही," असं म्हणतात. अर्धं खरं. १९५३ पासूनचा मृत्यू कर १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंहांनी रद्द केला, कारण वर्षाला जेमतेम २० कोटी यायचे आणि गोळा करायचा खर्चच जास्त. संपत्ती कर १९५७ चा, तो २०१५ मध्ये जेटलींनी काढला. २०१३-१४ साली त्यातून आले होते १,००८ कोटी. पण का एवढेच आले? १९९३ पासून त्यातून शेअर वगळलेले होते. म्हणजे दागिने, गाडी, जादाचं घर, रिकामा प्लॉट मोजायचा, आणि खरी श्रीमंती जिथे असते ते सोडून द्यायचं. समुद्रात गळ टाकायचा तो आमिषाशिवाय, आणि मग म्हणायचं मासेच नाहीत. शिवाय तेव्हा कुणाकडे काय आहे हे शोधायला इन्स्पेक्टर लागायचा. आज पॅन आहे, डिमॅट आहे, एआयएसमध्ये माझ्या सेव्हिंग खात्याचं व्याजसुद्धा दिसतं. आपल्यासारख्यांनीच तर बांधल्यात या सिस्टिम्स.

दुबईला जातील? काही जातील. पण इथला कारखाना आणि इथली जमीन बॅगेत भरून नेता येत नाही.

म्हणून माझं मत असं, की पगारावरचे दर आहेत तिथेच राहू द्या. वर्षाला पाच कोटींच्या वरचा भांडवली नफा पगारासारखाच धरा. आणि वारसा कर परत आणा, मोठी सूट ठेवून, समजा दहा कोटी. दर फार नको, दहा टक्के. आणि १९७५ सारखं तो पैसा कुठे जाणार हे कायद्यातच लिहा. टपरीवरच्या 'आधी रस्ते नीट करा'ला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, पण ते बरं उत्तर आहे असं मला वाटतं. काकांच्या आईची मजुरी कुठून आली हे पावतीसारखं दाखवता येतं.

आणि हो, व्यवसाय कराचा १० हजारांचा टप्पा तरी तातडीनं वर न्या. त्याला घटना बदलावी लागत नाही.

एवढं लिहून बायकोला वाचायला दिलं. मला आजीकडून कोथरूडचा फ्लॅट मिळालाय, आज दीडेक कोटीचा. त्यावर मी एक रुपया कर भरलेला नाही. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "दहा कोटींची सूट? बरोबर तुझ्या डोक्यावरून जाईल अशी कशी रे ठेवलीस?"

मी म्हटलं, पाच करू? तरीही मी सुटतोच. मग एक कोटी लिहून पाहिलं. वरच्या पन्नास लाखांवर दहा टक्के म्हणजे पाच लाख. आकडा बघून पोटात जरा गोळा आला, खोटं कशाला बोलू. पण वरचे दहा कोटी खोडून आता एक कोटी वाचावेत.