‘तोंड आवरा’ म्हणण्यापूर्वी

लग्नाच्या पंगतीत एखाद्या जाड माणसाने दुसऱ्यांदा जिलबी मागितली की शेजारचा हमखास म्हणतो, “अहो, जरा तोंड आवरा!” म्हणणारा सडसडीत असेल तर त्या सल्ल्याला उपदेशाचा सूर लागतो. लठ्ठपणा म्हणजे संयमाचा अभाव आणि संयम म्हणजे चारित्र्य, असा हा सरळ हिशेब. याच्या अगदी उलट बोलणारा दुसरा पक्षही घरोघरी आहे: “आमच्या घराण्यातच आहे हो, नुसतं पाणी प्यायलं तरी वजन वाढतं.” पहिला पक्ष सारा दोष माणसाच्या माथी मारतो, दुसरा रक्ताच्या. माझ्या मते दोघेही चुकतात आणि त्यांच्या भांडणात खरा आरोपी निसटतो.

आधी संयमवाद्यांचे पाहू. सर्वांची भूक सारखीच असते, हे त्यांच्या युक्तिवादातले न बोललेले गृहीतक आहे. ते खोटे आहे. 1997 मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओ’रायली, सदफ फारुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच कुटुंबातल्या दोन मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन होते 86 किलो, दोन वर्षांच्या मुलाचे 29. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात आणि ‘साठा पुरेसा आहे’ हा निरोप त्यामार्फत मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला पोचतो. एका जनुकातल्या बिघाडामुळे या मुलांना लेप्टिन मिळतच नव्हते. अंगावर एवढी चरबी असूनही मेंदूच्या लेखी ती उपाशीच होती.

2007 मध्ये फारुकी यांच्या गटाने याच दुर्मीळ दोषाच्या दोन तरुण रुग्णांना एमआरआय यंत्रात झोपवून खाद्यपदार्थांची चित्रे दाखवली. मेंदूत व्हेंट्रल स्ट्रायटम नावाचा भाग आहे. हवीशी वस्तू दिसली की ओढ लावणे हे त्याचे काम. पोटभर जेवण झाल्यावरही या दोघांत तो भाग उपाशी माणसासारखा चेतत होता. आठवडाभर लेप्टिन दिले आणि जेवणानंतरची ती ओढ शमली. सात दिवसांत त्यांचे चारित्र्य सुधारले, असे कोणी म्हणेल काय?

“ही लाखात एखादी केस झाली,” असा आक्षेप येईल. आक्षेप रास्त आहे, पण तो टिकत नाही. एफटीओ या जनुकाचा वजन वाढवणारा प्रकार अगदी सर्रास आढळतो. आईवडील दोघांकडूनही तो मिळालेल्या युरोपीय वंशाच्या प्रौढांचे वजन, तो मुळीच नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलो जास्त भरते. 2013 मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी वजन बेताचे असलेल्या पुरुषांची तपासणी केली. ज्यांच्याकडे या प्रकाराच्या दोन प्रती होत्या, त्यांच्यात जेवणानंतरही भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक पुरेसे उतरत नव्हते. अन्नाच्या चित्रांना त्यांचा मेंदू देत असलेला प्रतिसादही वेगळा होता. म्हणजे लठ्ठपणा यायच्या आधीच फरक हजर होता. ज्याचा मेंदू पहिल्याच पोळीनंतर ‘पुरे’ म्हणतो, त्याने चौथीपर्यंत ‘पुरे’ ऐकू न येणाऱ्याला संयम शिकवू नये.

मग घराणेवाल्यांची सरशी झाली का? तीही नाही. ब्रिटनमध्ये पाच हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलामुलांच्या वजनांतल्या फरकापैकी 77 टक्के फरक आनुवंशिक ठरला. हा आकडा नशिबाचा दाखला म्हणून मिरवला जातो. पण तो सांगतो एवढेच, की एका काळातल्या, एका वातावरणातल्या मुलांमध्ये कमीजास्त का होते. सगळ्यांचेच वजन का वाढले, याचे उत्तर त्यात नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात तर 1942 पूर्वी जन्मलेल्यांमध्ये एफटीओचा वजनाशी संबंधच दिसला नाही. नंतर जन्मलेल्यांमध्ये तो दिसू लागला. जनुक तेच, काळ बदलला. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातल्या जास्त वजनाच्या स्त्रिया 2005-06 मध्ये 12.6 टक्के होत्या, 2019-21 मध्ये 24 टक्के. पंधरा वर्षांत एका देशाची जनुके बदलत नाहीत. तेवढ्याच वर्षांत कोट्यवधी बायका एकाएकी हावरट झाल्या, हेही संभवत नाही.

दोन्ही पक्षांना एकदम निरुत्तर करणारा प्रयोग केविन हॉल यांनी अमेरिकेत केला; तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. वीस माणसांना चार आठवडे रुग्णालयात ठेवले. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रियायुक्त खाणे, दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न. समोर ठेवलेल्या ताटांतले उष्मांक, साखर, चरबी, तंतू सारखेच. खायचे मात्र हवे तेवढे. कारखान्याच्या खाण्यावर माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि जवळपास किलोभर वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. माणसे तीच, जनुके तीच, संयमही तोच. बदलले होते फक्त ताट.

म्हणून माझे म्हणणे असे: अन्नाकडे आपण किती ओढले जाणार, हे जनुके ठरवतात, त्या ओढीची किंमत किती मोजावी लागणार, हे भोवतालचा बाजार ठरवतो. वजन उतरवता येत नाही, असे मी म्हणत नाही. पण त्यासाठी एकाला चार पैसे मोजावे लागतात आणि दुसऱ्याला चाळीस. भूक उतरवणारी नवी इंजेक्शने ज्यांना गरज आहे त्यांना जरूर मिळावीत. पण गावोगावच्या शाळकरी पोरांचा प्रश्न सुई टोचून सुटणार नाही.

तो प्रश्न शाळेच्या फाटकाबाहेर लटकलेला आहे. टपरीवर पाच-पाच रुपयांच्या वेफर्स-कुरकुऱ्यांच्या पुड्यांच्या माळा नेमक्या चौथीच्या पोराच्या डोळ्यांसमोर येतील अशा टांगलेल्या असतात. केळी मात्र मागे, टोपलीत. जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2020 मध्येच केला आहे. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, टेप घेऊन अंतर मोजा आणि अन्न प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. पोराला ‘तोंड आवर’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोचतो तो त्यानंतरच.