युद्धाचे चित्रपट आणि आमचीं मुलें

युद्धाचा चित्रपट म्हटला कीं आमच्या वरच्या वर्गांतील मुलांच्या डोळ्यांपुढें झेंडे, तोफा आणि विजयाची ललकारी येते, व त्यांच्या वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. एक पक्ष म्हणतो, असल्या चित्रपटांनीं शौर्य वाढतें; दुसरा म्हणतो, क्रौर्य वाढतें. चित्रपट कोणता, हें मात्र दोघेही विचारीत नाहींत.

आमच्यापुढें आहे तो 'द हर्ट लॉकर' हा अमेरिकन चित्रपट. इराकांत बाँब निकामी करणाऱ्या एका तुकडीची ही कथा २००८ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत प्रथम दाखविली गेली. दिग्दर्शन कॅथरिन बिगेलो या बाईंचें. लेखक मार्क बोल हे वार्ताहर असून २००४ सालीं अशाच एका तुकडीबरोबर इराकांत राहून आलेले. खर्च सुमारें दीड कोटी डॉलर! आम्हांस हा आंकडा डोळे फिरविणारा वाटेल. परंतु २०१० च्या ऑस्करच्या वेळीं त्याच्या स्पर्धेस उभ्या असलेल्या 'अवतार'ला वीस कोटींहून अधिक लागले होते. तरी सहा पारितोषिकें या काटकसरीच्या चित्रपटानें नेलीं, आणि दिग्दर्शनाचें पारितोषिक एका स्त्रीस मिळण्याची ती पहिलीच वेळ.

पैसा थोडा होता हें एका परीनें बरेंच झालें, असें आम्हांस वाटतें. यांत सैन्याचे लोंढे नाहींत. तीन शिपाई, एक ओसाड रस्ता आणि मातीखालीं पुरलेली तार, एवढ्यावर जीव टांगणीस लागतो. परत जाण्यास किती दिवस उरले तो आंकडा पडद्यावर येत राहतो. विजयाचा दिवस कोठेंच येत नाहीं. एल्ड्रिज भीतीनें पोखरला जातो आणि पायांत गोळी घेऊन कडवट मनानें घरीं जातो. धीराचा सॅनबर्न अखेरीस रडतो. आपणांस मूल असावें, एवढेंच त्यास आतां हवें असतें. आणि सार्जंट जेम्स? त्यास युद्धाचें व्यसन जडलें आहे. ज्या बाँबांनीं जीव घ्यावयाचा तेवढा राहिला त्यांचे तुकडे तो खाटेखालच्या पेटींत जपतो, आणि त्यांतच लग्नाची आंगठीही.

घरीं आल्यावर बायको त्यास दुकानांत न्याहारीचें एक खोकें आणावयास सांगते. रंगीबेरंगी खोक्यांच्या त्या लांबच लांब रांगेसमोर तो खिळून उभा राहतो. पुढें स्वयंपाकघरांत तो तिकडील एक भयंकर हकीगत सांगूं लागतो, तों बायको त्याच्यापुढें चिरावयास भाजी ठेवते. त्या बिचारीचा यांत काय दोष? तो मात्र पुन्हां इराकास जातो. आतां आंकडा ३६५.

चित्रपट निर्दोष नव्हे. तुकडीचा नायक असा नियम मोडून एकटा भटकूं शकत नाहीं, असा आक्षेप इराकांत काम केलेल्या कांहीं अमेरिकन सैनिकांनींच घेतला. आमची तक्रार निराळी आहे. ज्यांचा देश, ते इराकी लोक बहुधा गच्चीवरून पाहणाऱ्या छायाच राहतात. चित्रफिती विकणारा एक पोर तेवढा लक्षांत राहतो, आणि त्याच्याकडेही जेम्स शेवटीं पाठ फिरवितो.

हा देश आम्हां मराठी माणसांस अगदींच परका नाहीं. पहिल्या महायुद्धांत त्यास मेसोपोटेमिया म्हणत. २९ एप्रिल १९१६ रोजीं तैग्रिसकांठच्या कूत येथें उपासमारीनें शरण गेलेल्या पुणें डिव्हिजनमध्यें मराठा पलटणींचे शिपाई होते. पुढें कैदेंत पुष्कळ मेले. त्या महायुद्धाचे संगमरवरी दगड आमच्याकडील कित्येक गांवीं आहेत. गांवांतून किती गेले व किती मेले, हें त्यांवर कोरलेलें आढळतें. जे परत आले त्यांस रात्रीं झोंप लागे काय, यास दगडावर जागा नाहीं.

तेव्हां मुलांस हा चित्रपट दाखवावा काय? खालच्या वर्गांस मुळींच नाहीं. यांत शिव्या आहेत, रक्त आहे, मुलाचें छिन्न प्रेतही आहे. अमेरिकेंतही सतरा वर्षांखालील मुलास पालकावांचून तो पाहूं देत नाहींत. शाळा सोडण्याच्या वयाच्या मुलामुलींनीं मात्र आईबापांसह घरीं पाहावा. ज्यास सैन्यांत जावयाचें आहे त्यानें तर अवश्य. दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. शेवटचा स्फोट झाला म्हणून कोणीं उठूं नये. दुकानाचा प्रसंग त्यानंतर आहे.